शिलगावणे : अर्थ दुसरा

२ मार्च

ति. दादास धाकटीचा शि. सा. नमस्कार.

इकडे सगळं ठीक, असं लिहायची रीत आहे. पण तसं नाही. मला भीती वाटतेय.

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्याला आग लागून घड्या घालणारी एक बाई गेली, हे मागे लिहिलं होतं. तिथे खोकी चिकटवायची खळ शिजवणाऱ्या माणसावर आग लावल्याचा खटला चालू आहे. तो आपल्या भाषेचा, कोर्टाची भाषा वेगळी. म्हणून त्याच्या पोलिसांपुढच्या जबाबाचं भाषांतर कोर्टाच्या यादीवरची दुभाषी या नात्याने आठ महिन्यांपूर्वी माझ्याकडे आलं. चाळीस पानं, दोन दिवस. मला नुसती उत्तरं टाइप करून दिली होती, प्रश्न नव्हते. आज सरकारी वकिलांनी त्यातलं एक वाक्य तीनदा वाचलं : आग मीच लावली. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मी माझ्याजवळची मूळ प्रत काढून पाहिली. मूळ कागदावर ‘लावली’ नव्हतंच. ‘मीच शिलगावली’, एवढंच होतं. बाकीचं मी तुमच्या कोशातून घेतलं.

तो माणूस पिंजऱ्यातून माझ्याकडे ओळखीचं बघत होता. आपल्या भाषेची बाई म्हणून त्याला आधार वाटत असावा. बाहेर कारखान्याचा मॅनेजर मुद्दाम थांबला आणि म्हणाला, की भाषांतर फार स्वच्छ झालंय. मग म्हणाला, की तुमची लेक सकाळी बससाठी गल्लीच्या कोपऱ्यावर उभी असते, तीच ना?

एकोणीसला निकाल आहे. तू जन्मभर शब्दकोशाच्या कचेरीत शब्दांची चिरफाड केलीस. हा एक शब्द मला नीट सांग. आणि कुणाजवळ बोलू नकोस.

तुझी
धाकटी

५ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून मुंग्यांच्या रांगेसारखंच आहे. चष्मा दोनदा पुसला.

तर ऐक. पेटवणे हे सगळ्यांचं : चूल, बंब, मेणबत्ती. चेतवणे म्हणजे विझू आलेल्या निखाऱ्यात जीव आणणं. माणसाचं मनही चेतवतात. भडकवणे यात वाराही आला आणि बहुधा वाईट हेतूही. लावणे दुतोंडी : दिवा लावला तर घर उजळतं, आग लावली तर उजाड होतं. आणि शिलगावणे हा हाताशी धरलेला विस्तव. विडी शिलगावतात, शेगडी शिलगावतात. अख्खा कारखाना कुणी शिलगावत नाही. ‘शिलगावली’ म्हणजे वस्तू स्त्रीलिंगी. आग स्त्रीलिंगी, तशी शेगडीही. प्रश्न काय विचारला होता, त्यावर सगळं आहे.

पण धाकटे, आमच्या कोशात या शब्दाचा अर्थ दुसरा ‘आग लावणे’ असा छापलेला आहे. तू कोशाबाहेर गेली नाहीस. तुला कुणी बोल लावू शकत नाही. लेकीकडे बघ आणि गप्प राहा. मोठा भाऊ म्हणून सांगतो.

तुझा
दादा

पाकीट चिकटवायच्या आधी मी, वहिनी, चार ओळी घालतेय. हे सांगणार नाहीत. ती नोंद ह्यांनीच लिहिलेली आहे. नवीन होते, घाई होती, वाक्यात शब्द कुठे वापरलाय ते न शोधताच लिहून मोकळे झाले. तुझं पत्र आल्यापासून तेच पान उघडून बसलेत, जेवणात लक्ष नाही. काय करायचं ते तू ठरव. पण तो प्रश्न तेवढा ऐकून घे.

११ मार्च

ति. दादा-वहिनींस सा. न.

ऐकला. तीन अर्ज केल्यावर जबाबाचं रेकॉर्डिंग मिळालं. पोलीस अधिकाऱ्याने आपल्या भाषेत, मोडकंतोडकं का होईना, सरळ विचारलंय, की त्या दिवशी खळीची शेगडी कुणी पेटवली? आणि हा म्हणतो, मीच शिलगावली, सकाळी साडेसातला, रोजच्यासारखी. हे पुढचं टाइप केलेल्या कागदावर उतरलंच नव्हतं. आग लागली दुपारी, आणि तीही वरच्या मजल्यावर.

मग न्यायाधीशांना लेखी कळवलं. सरकारी वकिलांनी तुमचा कोश आणून अर्थ दुसरा दाखवला. म्हणाले, की बाई घाबरल्यात, म्हणून शब्द फिरवतायत. घाबरले आहेच, ते खोटं नाही. न्यायाधीश म्हणाले, की अठराला कोशाच्या कचेरीतला कुणी जाणकार उभा करा.

मॅनेजर आता बोलत नाही; सकाळी त्या कोपऱ्यावर नुसता उभा असतो. ह्यांनी रजा काढलीय, लेकीला स्वतः सोडतात. दादा, मी तुला बोलावत नाही. फक्त कळवलं.

धाकटी

१४ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

पत्रामागोमाग मीच पोचतोय. नोंद माझी, चूकही माझी. तुला गप्प बसवायला निघालो होतो, त्याची लाज वाटते. चारचौघांत बोलायची मला सवय नाही, निवृत्तीच्या समारंभातही दोन वाक्यांत खाली बसलो होतो. तेव्हा मला दिसेल अशी बस. भाचीला सांग, मामा येतोय.

दादा

२७ मार्च

ति. दादास सा. न.

सुखरूप पोचल्याचं वहिनींनी कळवलं. तू पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून, ही नोंद चुकीची आहे आणि ती मी केली, असं म्हणालास, तेव्हा मीही रडत होते. तुला दिसलं नसेल.

एकोणीसचा निकाल पुढे गेला होता, तो परवा लागला. ते वाक्य वगळलं. वरच्या मजल्यावरच्या जळक्या तारांचा अहवाल ग्राह्य धरला. खळ शिजवणारा सुटला. मालकाची आता चौकशी आहे, मॅनेजर कोपऱ्यावर दिसत नाही. मला दुभाष्यांच्या यादीतून काढलंय. ते योग्यच झालं.

काल दुपारी बेल वाजली. मी साखळी न काढता दार किलकिलं केलं. तो होता, बायकोला घेऊन. वाटलं, आता शिव्या देणार. त्याने फक्त विचारलं, की आठ महिने माझ्या नावाने कागदावर काय लिहिलेलं होतं? मी सांगितलं, आणि ते मी लिहिलं होतं हेही सांगितलं. तो पायरीवरच बसला. म्हणाला, की सगळे तेच म्हणत होते, तेव्हा आपल्यालाही वाटायला लागलं होतं, की शेगडी नीट विझवली नसेल, ती बाई आपल्यामुळेच गेली असेल. मग मला विचारलं, की ताई, मी नाही ना लावली?

मी साखळी काढली. नाही, म्हटलं. त्याने ते बायकोला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणायला लावलं.

तुम्हा दोघांची माया आहे, म्हणून उभी आहे.

तुझी
धाकटी