ठमी आणि माझी बाही

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, प्रत्यक्षात घातला तर उठवायला माणूस लागेल). तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला थांबला, की अजूनही तू काही विचारलंस की ते नुसते खोकतात? इकडची खुशाली मात्र विचारू नकोस. मी घरात तोंड दाखवण्याच्या लायकीचा उरलो नाही, आणि तेही अजून धड उभीही न राहणाऱ्या मुलीपायी.

सूनबाई पुन्हा कामावर जायला लागल्यापासून नात, म्हणजे आमची ठमी, दिवसभर माझ्या ताब्यात असते (ताब्यात म्हणायचं, खरं कोण कोणाच्या ताब्यात, ते शेजाऱ्यांना विचार). दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की महागडी खेळणी नकोत, घरातल्याच वस्तूंनी खेळा, बाळाची बुद्धी त्यानेच वाढते. वाटीत वाटी घाला, डब्यावर चमचा वाजवू द्या, बुवाकुक करा. आणि मुख्य म्हणजे तिच्या डोळ्यांदेखत एखादी वस्तू फडक्याखाली लपवा, मग तिला शोधू द्या. दिसेनाशी झालेली वस्तू कुठेतरी असतेच, हे पोराला त्यातून उमजतं म्हणे. मी म्हटलं, फडकं आणि वस्तू? यावर तर मी जन्म काढला. शाळाशाळांतून जादूचे प्रयोग करून मुलगा वाढवला, तिथे नातीचं काय घेऊन बसलात.

आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली. मी लाल चेंडू दाखवायचो, फडक्याखाली ठेवायचो, ठमी रांगत येऊन फडकं ओढायची, आणि खाली काही नाही. चेंडू माझ्या बाहीत. ताई, तुझी शपथ, मी मुद्दाम करत नाही. फडकं दिसलं की हात आपोआप वळतो. जित्याची खोड, दुसरं काय. पण पोरगी त्या रिकाम्या जागेकडे आणि मग माझ्याकडे अशी डोळे विस्फारून बघायची की असा प्रेक्षक मला उभ्या आयुष्यात लाभला नव्हता (पुढच्या रांगेतले मास्तर लोक कायम घड्याळ बघायचे). मग मी चमचा नाहीसा केला, वाटी केली, तिची बाहुलीसुद्धा केली. प्रयोग फार रंगला.

त्याचं फळ दवाखान्यात मिळालं. डॉक्टरीणबाईंनी खुळखुळा फडक्याखाली ठेवला. ठमीने फडक्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने सरळ बाईंच्या पांढऱ्या कोटाची बाही ओढली आणि आत डोकावली. बाई म्हणाल्या, असं मी आजवर पाहिलं नाही. सूनबाई माझ्या मनगटाकडे बघत होती.

हसू नकोस. हसण्यावारी नेण्यासारखं असतं तर तुला कशाला लिहिलं असतं. सकाळी सूनबाई निघते, दार लागतं आणि ठमी टाहो फोडते. रडतात सगळीच मुलं, पण ती दाराकडे बघून रडतात. ही दाराकडे बघतच नाही. दारापलीकडे आई असेल हे तिला पटतच नाही, कारण झाकलेलं ते गेलं, असं तिला आजोबांनी शिकवलंय. मुठीत फडकं धरून रडत असते. ज्या विद्येवर संसार केला, तिनेच माझ्या नातीची आई नाहीशी केली.

सूनबाई भांडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "बाबा, थोडे दिवस तुम्ही तिच्याशी नका खेळू." येत्या सोमवारपासून ठमी पाळणाघरात जाणार. चिरंजीव नेहमीप्रमाणे दोघांच्याही बोलण्याला मान डोलावतात. मी नुसत्या बनियनवर बसूनही प्रयत्न केला. चेंडू कमरेच्या पट्ट्यात गेला (जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या हातांनाही नाही).

तेव्हा ताई, मी तुझ्याकडे कायमचा राहायला येतो. भावजी मोडक्या छत्र्या ठेवतात ती मागची खोली मला पुरे. मी इथे नसलो, तर पोरीला फडक्याखाली निदान चेंडू तरी सापडेल. याहून दुसरं मागणं नाही.

तुझा,
हात पोळलेला धाकटा

ता. क. छत्र्यांना हात लावू नकोस. पत्र लिहून पोस्टाचं तिकीट आणायला कोपऱ्यावर गेलो होतो. परत येतो तो ठमी माझ्या खोलीत. खुर्चीवरचा माझा सदरा तिने खाली ओढला होता आणि बाहीत तोंड घालून हाका मारत होती. सूनबाई दारात उभी. म्हणाली, "तुम्हाला शोधतेय." गेलेला माणूस कुठेतरी असतोच, एवढं पोरीला कळलंय. पत्ता तेवढा चुकलाय. मी समोर आलो तेव्हा तिने मला पाहिलं, पुन्हा बाहीत पाहिलं, आणि खुदकन हसली. मला काही हसू आलं नाही, मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो.

आणखी एक. पाळणाघर आठवडाभर पुढे गेलंय, पण मी अर्ध्या बाह्यांतच खेळायचं या अटीवर. माझ्याकडे तसला एकही सदरा नाही, म्हणून भावजींचे जुने असतील ते लगेच पाठव. सूनबाईने मात्र कपाटातून स्वतःचा लांब बाह्यांचा स्वेटर काढलाय आणि सकाळी आपण निघून गेल्यावर ठमीच्या हाताला येईल असा खुर्चीवर टाकून ठेवलाय.