कापसाचा श्वास

३ फेब्रुवारी

कापसाचं काहीतरी बिनसलंय. आईच्या पलंगाशेजारी पिंजऱ्यात बसून धापा टाकतोय. बरगड्या नुसत्या लटलट हलताहेत. पाला तसाच पडलेला. आईला विचारलं, ससा कधीपासून असं करतोय? तर म्हणाली, "कोण?"

५ फेब्रुवारी

अर्धी रजा टाकून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, नाकाकडे बघू नका, ससा नाक हलवतच असतो. बरगड्यांकडे बघा. मिनिटाला साठपर्यंत ठीक. त्यापुढे गेलं तर काहीतरी कारण असतं – उकाडा, भीती, दुखणं, छातीत कफ. आणि तोंड उघडून श्वास घ्यायला लागला तर वाट बघायची नाही, थेट घेऊन यायचं.

ताप नाही. नाक कोरडं. छाती स्वच्छ. आणि त्यांच्या टेबलावर हे ध्यान शांत! मला चक्क खोटं पाडलं. "बाकीचे ससे इथे येऊन धापा टाकतात," बाई म्हणाल्या, "याचं उलटंच दिसतंय."

६ फेब्रुवारी

घरी आल्यावर पुन्हा तेच.

८ फेब्रुवारी

दादा आला होता. वृद्धाश्रमात खोली मिळतेय, अठ्ठावीस तारखेपासून. आईच्या पलंगावर बसूनच बोलत होता. "तू दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासणार. हिच्याकडे कोण बघणार? तिला आता काही कळत नाही गं."

थंडी सुरू होईपर्यंत हीच आई शब्दकोडं सोडवताना मला अडाणी म्हणायची. आता मला मावशीच्या नावाने हाक मारते. चहाचा कप हातात घेऊन चहा मागते.

मी मान डोलावली. माझंही डोकं जड झालं होतं. सुट्टीच्या दिवशी हल्ली असंच होतं – दिवसभर घरात कोंडलं की. दादा म्हणाला, तुलाही आराम हवा. खोली मिळाल्याचं ऐकून मला हायसं वाटलं. हे फक्त इथे लिहितेय.

१० फेब्रुवारी

आईचे कपडे भरायला घेतले. बॅग पसरायला जागा हवी म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. संध्याकाळी कामावरून आले तर गडी कोथिंबिरीची जुडी फस्त करून आडवा पडलाय. श्वास संथ. म्हटलं, चला, एक घोर गेला.

११ फेब्रुवारी

"माझा कापूस कुठे नेलास?" आईने सकाळपासून धोशा लावला. एवढं बरं आठवतं! पिंजरा परत तिच्या खोलीत ठेवला. संध्याकाळी बघते तर पुन्हा धापा.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. स्वयंपाकघरात बरा होता, इथे आणला की असं करतो म्हटलं. त्यांनी विचारलं, "त्या खोलीत काय काय आहे?"

पलंग, कपाट, भिंतीतला गॅसचा हीटर.

"हीटर किती वेळ चालू असतो?"

दिवसभर, म्हटलं. आईला थंडी सोसत नाही.

"तो आधी बंद करा. खिडक्या उघडा आणि आईंना बाहेर काढा. बाकी नंतर बोलू. त्यांना लगेच डॉक्टरांकडे न्या."

१२ फेब्रुवारी

आईला दवाखान्यात ठेवलंय. ऑक्सिजन लावलाय. रक्तात कार्बन मोनॉक्साइड सापडला, हीटरच्या धुरातला विषारी वायू.

हीटरवाला येऊन गेला. गच्चीवर धूर बाहेर सोडणारा पाइप आहे, त्यात पक्ष्याचं घरटं – काटक्या, पिसं, दोरे. पाइप पार गच्च. म्हणाला, "याला वास नसतो ताई. माणसाला कळतच नाही." मी लॅबमध्ये असायचे म्हणून वाचले. आई आणि ससा दोघेच दिवसभर त्या खोलीत. तिचं अंग गार लागलं की हीटर वाढवत होते मीच.

डॉक्टरांना विचारलं, विसरणं यामुळेच का? "असू शकतं. वयाचंही असेल. किती भरून येईल ते आज सांगता येणार नाही."

दादाला कळवलं. तो म्हणाला, "तरी वृद्धाश्रमातली खोली सोडायला नको. बघू." मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

१५ फेब्रुवारी

आई घरी आली. माझ्या खोलीत झोपते. जेवली. मला अजून मावशीच म्हणतेय. कापूस पाय पसरून पडलाय, त्याचं काही दुखत नाही. त्याचा हेवा वाटला.

१८ फेब्रुवारी

आज मला हाक मारताना अडखळली. मावशीचं अर्धं नाव घेतलं आणि थांबली.

२१ फेब्रुवारी

सकाळी आईने स्वतः दादाला फोन लावला. नंबर तोंडपाठ. म्हणाली, "बॅग रिकामी केलीय मी. आणि यापुढे माझ्याबद्दल बोलायचं असेल तर बाहेर जाऊन बोला. शब्द सापडत नव्हते मला. ऐकू सगळं येत होतं."

फोन दादाला होता. बघत माझ्याकडे होती.