कडीतला पाहुणा

सर,

नांदेडच्या या घरी नळाला पाणी येतं, तरी भांडी विसळताना मी नळ बारीकच ठेवते. तुम्ही ओरडला असता, "बाई, कंजूषपणा दुसरीकडं करा, काचेशी नको!" तेवढं ऐकलं असतं तर आज हे लिहायची पाळी आली नसती.

लातूर नवा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, नळ मात्र कोरडे ठणठणीत. मी तुमच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर, घरी चार महिन्यांची पोर. तुम्ही साखरेच्या रेणूंच्या कड्या एकमेकींना जोडून पॉलिमरचे पांढरे मणी केले होते. केवढा हुरूप तुमचा! "कडीचं बाहेरून पाण्याशी लई जमतं, पोट मात्र तेलकट. तसलाच रेणू दिसला की पोटात घेती. पण एका कडीत एकच पाहुणा, बरं का!" फिनॉल्फ्थॅलिनच्या गुलाबी पाण्यात मणी टाकायचे, रंग कडीत शिरला की पाणी निवळशंख. एवढीच परीक्षा होती.

मणी धुवायची बाटली साबणाच्या पावडरनं घासून दहा पाण्यांनी विसळायची, हा तुमचा दंडक. त्यासाठी तुम्ही घरची घागर सायकलला बांधून आणायचात, काकूंची बोलणी खाऊन. आणि मी? दोन पाण्यांत उरकायची. फेस दिसायचा, तरी त्यातच मणी ओतायची. उरलेलं पाणी डब्यात भरून घरी न्यायची, पोरीच्या दुपट्यांना.

तीनदा करून बघितलं. पाणी गुलाबीच. तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "न्हाई हो बाई, माझंच कायतरी चुकून राहिलंय." बरणीला झाकण लावलंत ते कायमचं. मी बरणी कपाटात ठेवली आणि वर तुम्हाला चहा करून दिला. कसली बाई मी!

दोन वर्षांनी वर्गात साबणाच्या रेणूची तेलकट शेपटी काढताना खडू तिथंच थांबला. ती शेपटी कड्यांत आधीच जाऊन बसली होती, रंगाला जागा कुठली? तेव्हा तुम्ही होतात, सर. दर दिवाळीला मी तुमच्याकडं यायची, चिवडा खायची. जीभ मेली उचललीच नाही.

तुम्ही गेल्यावर भेटायला आले, तर काकूंनी विचारलं, "त्यांचं ते मण्यांचं खरं होतं का वो? शेवटपर्यंत म्हणायचे, मी हुकलो." मी म्हणाले, "नाही जमलं ते, काकू."

कॉलेज सोडताना उचललेली ती बरणी परवा उघडली. मणी स्पिरिटनं धुतले, मग गरम पाण्यानं, दहाच्या वर पाण्यांनी. गुलाबी पाण्यात टाकले. रंग गेला, सर. तुम्ही हुकला नव्हता. मी ओट्याला टेकून रडले.

तुम्हाला हे पोचणार नाही, म्हणूनच इतकं धडधडीत लिहिता आलं. काकू अजून आहेत, लातूरला, त्याच घरात. गाडीनं काही तासांची वाट. पिशवीही भरून ठेवली होती. सकाळी ती परत रिकामी केली.