दोन्हीकडून कश्यप

मु. सावलीजवळ, मंगळवार

गडचिरोलीचे आमचे मानाचे भाऊजी यांना धाकट्या साळ्याचा, मुखरूचा, वाकून नमस्कार. कलाताईचे गुडघे कसे आहेत? तुमची साखर आटोक्यात असावी (नसल्यास साक्षगंधाची बुंदी चुकली ते बरंच झालं). इकडे सगळे खुशाल, आमचा पोरगा प्रफुल सोडून. तीन दिवस झाले, तो भात चिवडतो आणि उठतो.

तुम्हाला येणं जमलं नाही, म्हणून त्याच्या साखरपुड्यात घडलं ते कळवतो. मुलीकडची मंडळी मुलचेऱ्याहून दोन गाड्या भरून आली. साधना प्रफुलला पसंत, प्रफुल साधनाला पसंत, वांग्याची भाजी तर सगळ्यांनाच पसंत. एवढ्यात मूल गावाहून आणलेल्या भटजींनी मला विचारलं, गोत्र कोणतं? भाऊजी, धानाच्या जाती विचारल्या असत्या तर एका दमात अकरा सांगितल्या असत्या. गोत्र हा जिन्नस आपल्या घरात कुणी पाहिलेला नाही. पण अंगात नवा सदरा, समोर व्याही, मांडवात दोनशे माणसं. ठाऊक नाही म्हणायचं कसं? मध्यस्थ सुनिल कानाशी लागला (पाच सप्ताह ऐकलेला माणूस, पाचही जेवणाच्या पंगतीतून). माहीत नसलं की कश्यप सांगावं, म्हणाला. मी खणखणीत आवाजात कश्यप म्हणालो आणि सात पिढ्यांपासूनचं, हेही वर जोडलं.

मग भटजी मुलीच्या बापाकडे, बिरजूभाऊंकडे वळले. त्यांनी आधी मांडवाच्या कापडाकडे पाहिलं, मग सुनिलकडे. सुनिलला दोन्हीकडचं काम सारख्याच निष्ठेनं करायची सवय, त्यानं त्यांच्याही कानात तेच ओतलं. बिरजूभाऊंनी कश्यप सांगून आजोबांची शपथसुद्धा घेतली.

भटजींनी पंचांग मिटलं. गोत्र एक, म्हणजे ही दोघं बहीणभाऊ, लग्न लागत नाही. साधना तेवढी बोलली, "माहा भाऊ तिकडं जेवून राह्यला. हा काऊन माहा भाऊ होईन?"

अख्ख्या मांडवातली अक्कल तिच्या एकटीच्या वाट्याला आली होती, पण नवरीचं ऐकतो कोण? आम्हा दोघा बापांनी एवढंच म्हणायचं होतं, की बुवा, आम्हाला माहीत नाही. तेवढं तोंडातून निघालं नाही. पोरांचं लग्न मोडलं तरी चालेल, नाक शाबूत पाहिजे. बिरजूभाऊ तर जाताना मलाच म्हणाले, "तुमचं असन नसन, आमचं पक्कं आहे." मीही माझं पक्कं असल्याचं सांगितलं. पाहुणे बुंदी बांधून घेऊन गेले. खरं सांगतो भाऊजी, मला माझीच लाज वाटते. प्रफुल माझ्याशी बोलत नाही आणि त्याची आई आशाबाई फक्त भांड्यांशी बोलते.

ताईला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
मुखरू

ता. क. समाज मंडळाचे सचिव तुम्हीच. मंडळाच्या छापील कागदावर शिक्का मारून लिहा, की आमचं गोत्र भारद्वाज असून कश्यप मी गडबडीत बोललो. भटजी तेवढ्यावर लग्न लावायला तयार आहेत. कागद शनिवारच्या बसनं धाडा.

आणखी एक. खोटं लिहिणार नाही, असं तुम्ही म्हणालच, तुमचा स्वभाव कडक. पण काल सोनीबाई आत्यानं सांगितलं, की तुमच्या लग्नात आमच्या बाबांनी कश्यप सांगितलं होतं आणि तुमच्या बाबांनीही. भटजींना परतीची गाडी गाठायची होती, म्हणून निभावलं. तेव्हा कागद येणार नसेल, तर यापुढे तुम्हाला भाऊजी म्हणावं की दादा, तेवढं ताईला विचारून कळवा.