हर्राजमधला पलंग

आई, एका पलंगाबद्दल तुला सांगायचं राहून गेलं आहे. तू गेलीस तेव्हा माझी लेक पाळण्यात होती, आणि ही गोष्ट तिच्या पहिल्या बाळंतपणाची, म्हणजे मधलं सगळं तुला कोरंच असणार. त्या वर्षी इथे राज्याची वाटणी चालली होती. तुमच्या वेळी हैदराबाद संस्थानाचे तीन भाग झाले, निम्मे नातेवाईक औरंगाबादेकडे गेले, आणि तू नि बाबा मात्र इथेच हैदराबादेत, नल्लकुंट्यात पाय रोवून बसलात. आमच्या वेळी जागेवर बसल्याबसल्या राज्य बदललं. कचेरीत माणसं वाटली जात होती, फायली वाटल्या जात होत्या, एक दिवस तर पंख्यांवरून जुंपली. मला इथे ठेवतात की तिकडे धाडतात, याचा पत्ता नव्हता. नेमकी अशा वेळी लेक फोनवर म्हणाली, "मम्मी, डिलिव्हरीला मी तुझ्याकडेच येणार." मला किती आनंद झाला काय सांगू! पण धास्तीही वाटली, कारण तिला लहानपणापासून दमा आहे.

कुकटपल्लीच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिच्यासाठी खोली होती, पण आत इस्त्रीचं टेबल आणि अडगळ. नोकरीचं धड काही कळत नसताना नवा सागवान घेणं आम्हाला झेपणारं नव्हतं. म्हणून जवळच्याच एका दुकानातून भुसा दाबून केलेल्या फळ्यांचा पलंग, तसलंच कपाट आणि फोमची गादी असा संच घेतला. दुकानदार म्हणाला, "बिल्कुल सागवान जैसा दिखता मॅडम, हल्का भी है." दिसत होता खरा. आणि आपल्या लोकांची खोड तर तुला माहीतच आहे, नवी वस्तू घरात आली की तिच्यावरचं प्लास्टिक काढायचं नाही. गादी प्लास्टिकमध्ये, पलंगाची पाठ प्लास्टिकमध्ये, कपाटात मूठभर डांबराच्या गोळ्या. बाहेर मेट्रोचे खांब उभे राहत होते, धूळ येऊ नये म्हणून खिडक्याही बंद. लेकीनं येऊन पहिल्यांदा उघडावी म्हणून मी ती खोली महिनाभर दागिन्याच्या डबीसारखी मिटून ठेवली. अधूनमधून दार किलकिलं केलं की डोळे चुरचुरायचे. मी म्हणायची, नव्याचा वास आहे, चालायचंच.

लेक सातव्या महिन्यात दुपारच्या गाडीनं आली. जेवली, खोली बघून खूश झाली, आडवी झाली, आणि अर्ध्या तासात भिंतीला धरून बाहेर आली. डोळे लाल, छातीत शिट्टी वाजतेय. "मम्मी, रूममध्ये काय स्प्रे केलंस? मला ब्रीदच होईना!" मी घाबरले. दम्याचा पंप देऊन तिला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि मग मी जे केलं ते या गावात जन्मलेल्या बाईलाच सुचावं. वास घालवायचा म्हणजे लोबान! शेजारच्या खालाजान दर जुम्म्याला घरभर फिरवतात, आपल्याकडेही बाळंतिणीच्या खोलीत धुरी असतेच. मी निखाऱ्यावर भरपूर लोबान टाकला आणि कोपरान् कोपरा धुपवून काढला. खोली दर्ग्यासारखी दरवळली, आणि तो धूर बाहेर पोचताच लेकीचा खोकला असा सुरू झाला की तिला उचलून डॉक्टरीणबाईंकडे न्यावं लागलं.

डॉक्टरीणबाई माझ्यावर चिडल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं. त्यांनी सरळ सांगितलं, असल्या फळ्या ज्या गोंदानं चिकटवतात त्यातून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू महिनोन् महिने सुटत राहतो, खोली बंद ठेवली तर साचतो. वर त्या गोळ्या, वर हा धूर. भरीव लाकूड घ्या नाहीतर लोखंड, ताजा रंग नको, ताजं पॉलिश नको, गादी साध्या कापसाची, आणि खिडक्या उघड्या. परतताना आम्ही रिक्षात बसलो. लेक हळूच म्हणाली, "मम्मी, तुझं मन मोडायचं नाहीये मला. पण रविवारपर्यंत काही जमलं नाही तर मी लातूरला सासूबाईंकडे जाते. तिथे नीट झोप तरी लागेल." ती रागावून बोलली असती तर मी भांडले असते. तिचं म्हणणं बरोबर होतं. आणि माझं तर दुसरं मूलही नाही, की पुढच्या वेळी हौस फेडून घेईन.

त्या दिवशी तू फार आठवलीस. नल्लकुंट्याच्या स्वयंपाकघरातली तू, शाळेत शिकवून येऊन पदर खोचलेली, दूध हुंगणारी, डाळ हुंगणारी, दुकानातून आलेलं कापड आधी नाकाशी धरणारी. माझ्या पुस्तकांसाठी बाबांनी मांडणी करून रंगवून आणली, तर तू ती अंगणातच ठेवायला लावलीस. मी रोज रडते, तू रोज जाऊन वास घेतेस आणि म्हणतेस, "अजून नाही." शेवटी मी कुरकुरले, मला तर काही वास येत नाही, तेव्हा तू जी कडाडलीस, "मग देवानं नाक काय चष्मा अडकवायला दिलंय?" बाबा हसू दाबत बाहेर निघून गेले.

शुक्रवारी कचेरीतून अर्धी रजा काढून मी यांना घेऊन आबिड्सच्या मागे एका हर्राजच्या दुकानात गेले. लिलावातला जुना माल तिथे विकायला मांडलेला असतो. जुन्या लाकडातला असला-नसला वास कधीच उडून गेलेला असणार, आणि ते नव्यापेक्षा स्वस्तही, एवढाच माझा हिशोब. दुकानदारानं आधी एक हिरवा रंगवलेला पलंग पुढे केला. दिसायला गोड, पण रंगाचे पोपडे सुटलेले, आणि जुन्या रंगात शिसं असतं हे मी वाचलं होतं. रांगणाऱ्या बाळाच्या घरात तो नकोच. मग मागे एक साधा, उघड्या सागवानाचा पलंग दिसला. मी सरळ वाकून त्याला नाक लावलं. डोक्याकडे, पायाकडे, फळीच्या खाली. धूळ आणि लाकूड, बाकी काही नाही. हे कुजबुजले, "अगं, लोक बघतायत." मी म्हटलं, बघू देत.

"अम्मा, ये लेते तो पालिश मार के देतौं, दो दिन में चमक जाता," दुकानदार म्हणाला.

"पालिश नक्को."

"फुकट में मारतौं ना!"

"फुकट में भी नक्को. पालिश मारे तो मैं लेतीच नहीं."

असं गिऱ्हाईक त्यानं बहुधा पाहिलं नसावं. यांचं तोंड मात्र उतरलेलं. टेम्पोत बसल्यावर म्हणाले, "पहिलं बाळंतपण, आणि कुणाचा कोण जाणे जुना पलंग. कोण गेलं असेल त्यावर?" खरं सांगायचं तर तो काटा मलाही टोचत होता.

गच्चीवर पलंग साबणाच्या पाण्यानं पुसला, दिवसभर उन्हात ठेवला. नल्लकुंट्याच्या पिंजाऱ्याकडून कापसाची गादी आणली. कचेरीतली माझी मैत्रीण तिकडच्या राज्याला गेली तेव्हा तिचं लोखंडी कपाट मागे ठेवून गेली होती, ते आलं. नवा संच गच्चीवरच्या पत्र्याखाली गेला, प्लास्टिकसकट. रविवारी दुपारी लेक त्या खोलीत आडवी झाली. मी दाराशी उभी. पंखा फिरतोय, खिडकीतून मेट्रोच्या कामाचा खडखडाट आणि धूळ दोन्ही येतायत, आणि तिचा श्वास मात्र एकसारखा, शिट्टी नाही, धाप नाही. संध्याकाळी उठून तिनं विचारलं, "चहा आहे का?" बॅग भरायचं नावही काढलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आई, अगदी हमसून. एवढं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

राहिला तो काटा. डोहाळजेवणाला लातूरहून विहीणबाई आल्या. बाई मायाळू, पण शकुन-अपशकुनाला कडक. खोलीत शिरताच पलंगाकडे बघून म्हणाल्या, "हे जुनं वाटायलंय की. कोणाचं हाय?" यांनी पंख्याकडे पाहिलं, लेकीनं माझ्याकडे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या आईचा." विहीणबाईंनी पलंगाच्या उशाला हात लावून नमस्कार केला. "मग काय बघायचं! पोरीला आज्जीची कूसच मिळाली की."

तेव्हापासून तो तुझाच आहे. नात त्यावर उड्या मारते आणि मैत्रिणींना सांगते, हा आमच्या पणजीचा. लेकही आता तसंच म्हणते, आणि हे तर पाहुण्यांना वर तुझ्या चार आठवणी रचून सांगतात. हे पत्र कुठे धाडणार, वाचून झालं की फाडून टाकीन. पण तुझं तुला कळावं, म्हणून लिहिलं. तू जन्मभर फरशीवर सतरंजी टाकून झोपलीस, पलंग एकच होता आणि तो बाबांचा. आता या गावात तुझ्या नावाचा एक सागवानी पलंग आहे, आणि इतकं धडधडीत खोटं बोलून मला अजून एकदाही वाईट वाटलेलं नाही.