केळीच्या वाफ्यातलं स्फुरद

माय, मागच्या अंगणातला तुझा केळीचा वाफा मी काल उकरून टाकला. लगेच ओरडू नको, आधी पुरतं ऐकून घे. केळी तशीही तुझ्या मागोमाग खंगत गेली, नुसते खुंट उरले होते. पण खालची माती तशीच होती, आपल्या घराचं सांडपाणी पिऊन पिऊन चिकट झालेली. सगळं भांडण त्या मातीचंच आहे.

बडनेऱ्यात आपल्या गल्लीला तेव्हा नाली नव्हती. मोरीचं पाणी लोक रस्त्यावर सोडायचे आणि तुला ते बघवायचं नाही. बाबा रेल्वेतली ड्युटी करून आले की तू त्यांच्या हातात फावडं द्यायचीस. बिचारे चहासुद्धा उभ्यानं प्यायचे. खाली गोटे, त्यावर रेती, त्यावर वावरातून आणलेली काळी माती आणि वर केळी. भांडी, धुणं, घरभर माणसांच्या आंघोळी, सगळं त्यात जिरायचं. आत्ताही मला तू दिसतेस. पदर खोचून मोरीशी बसली आहेस, कढई घासते आहेस, मधेच उठून काडीनं पाण्याला वाट करून देते आहेस. "माती समदं पोटात घेते, पाह्य," असं मला सांगते आहेस.

मग ती वाईट वर्षं आली. आज या गावात शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी, उद्या त्या गावात. बाबा पेपर वाचून उलटा घालून ठेवायचे, तुझ्या नजरेला पडू नये म्हणून. त्यातल्याच एका साली पावसानं दगा दिला, आपण पेरलंच नाही आणि कपाशीसाठी आणून ठेवलेलं सुपर फॉस्फेट पडवीत ओल धरून दगड झालं. तू ते बत्त्यानं फोडलंस आणि पोतंच्या पोतं केळीला घातलंस. मी अकोल्याला माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नुकताच लागलो होतो, सुट्टीत घरी आलो होतो. म्हटलं, "माय, एवढं खत कायले?"

"काहून, फेकून देऊ? वावरात नाई गेलं तं अंगणात तरी जाईन!"

असं खेकसलीस की मी आत निघून गेलो. त्या वर्षी आपल्याकडे हिरवं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तू त्या केळी कौतुकानं दाखवायचीस.

पुढं जन्मभर मी लोकांच्या वावरातलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मोजत बसलो. खतात असतं तेच स्फुरद साबणाच्या पावडरीत असतं, उष्ट्यात असतं, न्हाणीच्या पाण्यात असतं. माती ते घट्ट धरून ठेवते. पण धरायलाही जागा लागते, माय. जागा भरली की ते पाण्याबरोबर खाली उतरायला लागतं, आणि विहिरीत पोचलं की शेवाळ माजवतं. आणि वरून येणारं पाणी पातळ, कमी स्फुरदाचं झालं, तर माती जवळचं जुनंही त्यात सोडून देते. आता या घरात मी एकटा. एक ताट, एक गिलास, एक सदरा. माझं पाणी ते काय असणार! घर भरलेलं होतं तेव्हा शेजारच्या चाचीची विहीर नितळ होती, आणि घर रिकामं झाल्यावर ती हिरवी पडली. तुमच्या सगळ्यांच्या आंघोळी आत्ता तिथं पोचून राहिल्या आहेत. हे समजलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

चाची, तुझी ती मैत्रीण, ईदेला शीरखुर्म्याचं पातेलं भिंतीवरून देणारी, तीही आता एकटीच राहते. मागच्या महिन्यात मला हाक मारून म्हणाली, "बेटा, पानी पुरं हिरवं होऊन राह्यलं. कपड्याले वास येते. लडका रोज फोन करते, अकोल्याले ये म्हनते. हे विहीरच गेली तं मी इथं कायच्यासाठी राहू?"

 सकाळी भिंतीपलीकडून "चाय झाली का रे?" एवढं विचारणारी तीच एक उरली आहे. ती गेली तर या गल्लीत मला हाक मारणारं कोणी नाही. दिवसचे दिवस तोंड उघडायचं काम पडणार नाही. मला भीती वाटली, खरंच सांगतो.

म्हणून दोन माणसं लावून वाफा तळापर्यंत काढला. माती एका ओळखीच्या माणसाच्या संत्र्याच्या बागेत पाठवली, तिथं झाडं दुवा देतील. खड्ड्यात नवा मुरूम भरला. चाची दिवसभर भिंतीशी उभी होती. "आता साफ होईन ना रे?" म्हणाली. मी म्हटलं, "पुढच्या ईदेपर्यंत तळ दिसते का नाई, पाहाजो."

"मंग तवरक थांबते बाप्पा," असं म्हणून ती आत गेली.

माय, तळ दिसणार नाही. वाफ्यापासून विहिरीपर्यंतची जमीनही इतक्या वर्षांत भरून गेली आहे. ती उकरता येत नाही, तिच्यावर चाचीचं घर उभं आहे. स्फुरद झिरपतच राहणार, बहुतेक मी असेपर्यंत. पहिलं फावडं पडायच्या आधीच हे मला माहीत होतं. हा कागद कुठं टपालात टाकायचा नाहीच, म्हणून तुला सांगतो. विहीर साफ व्हावी म्हणून मी उकरलं नाही. चाचीनं आणखी एक वर्ष थांबावं म्हणून उकरलं.