दोन डोळ्यांची चादर

ताई,

पायांवर डोकं ठेवते (मनातल्या मनात, वाकलं की कंबर धरते). तुझे गुडघे कसे आहेत? मलम लावतेस की कपाटात जपून ठेवतेस? मी चौथीपर्यंत शिकलेली, चुका काढत बसू नकोस, पुढचं वाच.

आमच्या लॉन्ड्रीचा गाडीवाला तुला माहीत आहे, तुझ्या लॉजच्या चादरी आणतो-नेतो तोच. एका मंगळवारी माझे हात ओले, चष्मा घरी. फोनवर त्याचं काहीतरी आलं होतं, ते न वाचताच मी खाली एक चित्र पाठवून दिलं. दोरीवरची पांढरी चादर, म्हणजे माल तयार आहे, घेऊन जा. (चादरीला दोन डोळे होते. पण त्या फोनात सूर्यालाही तोंड आहे, मी कुठे कुठे विचारत बसू?) तेव्हापासून तीन आठवडे आमच्याकडे गाडीवर दुसराच माणूस येतोय, तो फक्त तुमच्या बाजूची फेरी करतो म्हणे.

काल लेकीने फोन बघितला आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, आई, ही चादर नाही, भूत आहे! हे पाठवलं की अर्थ होतो, मी आता गायब होणार, माझा नाद सोड. आणि वर त्याने काय लिहिलं होतं, तर रविवारी बागेत चहाला येता का.

हल्ली पोरं असंच करतात म्हणे. दोन महिने गोड बोलायचं, मग एकदम गप्प. मी म्हटलं, तोंड शिवलंय का मेल्यांचं? ती घडी घातलेला टॉवेल मोडून परत घडी घालत बसली. मी पुढे विचारलं नाही.

आमचे हे घर सोडून गेले तेव्हा चित्रसुद्धा आलं नाही. चार महिने मी त्यांचे शर्ट इस्त्री करून खुंटीला लावत होते. निदान भूत आलं असतं तर भांडले तरी असते. आणि आता तेच मी एका भल्या माणसाला केलं, तेही माल तयार आहे सांगताना!

फोन कर म्हणशील. तीनदा नंबर काढला. अख्ख्या लॉन्ड्रीशी भांडते मी, पण त्रेपन्नाव्या वर्षी 'चहाला येते' एवढं म्हणायला जीभ उचलत नाही.

तुझी धाकटी

ता.क. गाडीवाला गुरुवारी तुझ्याकडे येईल. हे पत्र काउंटरवर उघडंच विसर.

आणखी एक. आधी वय खोड. वाचून तो हसला तर कळव, नाही हसला तरी कळव. तू मात्र गप्प बसू नकोस.